शस्त्र परवान्याच्या नावाखाली माझे १ लाख १६ हजार गेले, तुमचे जाऊ देऊ नका

लिहायची लाज वाटते. पण मी गप्प बसलो तर त्या माणसाचंच फावेल. आधी ५,५००, मग ३८,०००, मग ७२,५००. एकूण १ लाख १६ हजार.

माझी रात्रपाळी असते. घर वस्तीपासून लांब. दिवाळीनंतर जवळची दोन घरं फुटली आणि तेव्हापासून बायको कडी लावून वर कोयंड्यात लाटणं अडकवून झोपायला लागली. म्हणून तिच्या नावावर परवाना काढायचा आणि कधी गोळी न झाडलेल्या माणसाला झेपेल असं काहीतरी घ्यायचं ठरवलं. हौस म्हणून नाही, हे आधीच सांगतो.

तिला रायफल क्लबातही नेलं होतं. प्रशिक्षकांनी .२२ चं चांगलं जड पिस्तूल हातात दिलं. पहिल्या गोळीला तिने डोळे गच्च मिटले, दहाव्या गोळीपर्यंत हात स्थिर झाला. ते म्हणाले, "वजन आहे म्हणून धक्का जाणवत नाही." मी शेजारीच उभा होतो.

पुढे फेसबुकवर हा भेटला. परवाना, शस्त्र, सगळं घरपोच. "साहेब, वहिनींसाठी निर्भीक रिव्हॉल्व्हरच घ्या. फक्त ५०० ग्रॅम! एवढं हलकं, की झटका लागतच नाही." फोन स्पीकरवर होता. बायको भाकरी थापता थापता थांबली. "अहो, क्लबात तर उलटं सांगितलं होतं ना?" मी हात वर करून तिला गप्प केलं. तिने पिठाचे हात पुसले आणि आत निघून गेली. गोळी तीच असेल तर शस्त्र जितकं हलकं तितका धक्का जास्त. हे ज्याला ठाऊक नाही त्याने आयुष्यात शस्त्र विकलेलं नाही. बायकोला कळलं, मला कळलं नाही.

किंमतही बघा. कानपूरच्या सरकारी कारखान्याचं हे .३२ बोअरचं रिव्हॉल्व्हर २०१४ साली आलं तेव्हाच १,२२,३६० रुपयांना होतं. हा 'कोट्यातून' ७२,५०० ला देत होता. तुम्ही म्हणाल, एवढंही कळू नये? परवान्यासाठी मी चार वेळा खेटे घातले होते, दर वेळी साहेब मीटिंगमध्ये. माणूस असा दमला की असले लोक बरोबर गाठतात. ५,५०० नोंदणीचे, ३८,००० पोलीस पडताळणीचे म्हणून घेतले. पडताळणीला पोलीस घरी येतात, कुणाच्या खात्यावर पैसे मागत नाहीत. शस्त्र हाताळणीच्या प्रशिक्षणाचं प्रमाणपत्र "आम्हीच लावतो" म्हणाला, तिथेच फोन ठेवायला हवा होता.

शेवटी परवान्याची पीडीएफ आली. बायकोचा फोटो, शिक्का, सही. मावसभावाकडे परवाना आहे, त्याने शस्त्राच्या रकान्यावर बोट ठेवलं: ९ एमएम. हा प्रतिबंधित बोअर, म्हणजे बंदी असलेलं नळीचं माप, आपल्यासारख्याला मिळतच नाही. आणि परवानाधारक विक्रेता मूळ परवाना बघितल्याशिवाय काडतूससुद्धा देत नाही, कुरियर तर सोडाच.

आता पोलिसांचं. ठाण्यात म्हणाले, ऑनलाइन आहे, सायबरला जा. सायबरला म्हणाले, आधी ठाण्यात अर्ज द्या. परत ठाण्यात आलो तर ड्युटीवरचे साहेब जेवायला गेलेले, दोन तास बाकावर बसवलं. मग पहिला प्रश्न, "तुम्हाला बंदूक हवीच कशाला?" दुसरा त्याहून भारी, "पैसे देऊन परवाना काढत होता म्हणजे तुमच्यावरच गुन्हा घालायला हवा." बायकोसमोर! मी चोर, आणि तो मोकळा. एका अर्जाच्या पोचेसाठी तीन दिवस गेले. या धावपळीत १९३० ला, म्हणजे सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनला, फोन केला तो चौथ्या दिवशी, तोवर त्याचं खातं रिकामं झालं होतं. तुम्ही ठाण्याची पायरी चढायच्या आधी १९३० फिरवा, पैसे पुढे सरकायच्या आत.

अर्ज सरकारी पोर्टलवर, नाहीतर स्वतः कार्यालयात जाऊन. मध्ये कुणी नको, ओळखीचासुद्धा. शस्त्र आधी हातात घेऊन बघा, ज्याला चालवायचंय त्याच्या हातात. आणि त्या माणसाला काही खटकलं तर ऐका.

त्या ठगाचा नंबर अजून चालू आहे. फोटो बदललाय. लाटणं अजून कोयंड्यातच आहे.