कॅल्झोन: दुकानात बसून खाल्लात तरच

एडिसनला, म्हणजे न्यू जर्सीत, घराजवळच्या स्ट्रिप मॉलमध्ये एक साधा पिझ्झेरिया आहे. प्लास्टिकच्या खुर्च्या, भिंतीवर टीव्ही, काउंटरवर ओरडून ऑर्डर घेणारे काका. तिथली स्लाइस चांगली आहे, पण तशी स्लाइस या राज्यात दर दोन मैलांवर मिळते. गेल्या हिवाळ्यापासून मी तिथे बहुतेक वेळा कॅल्झोन, म्हणजे सारण भरून दुमडून भाजलेला पिझ्झाच, मागवतोय, त्यामुळे आता त्याबद्दल जरा ठामपणे लिहितो.

मागवल्यावर किमान वीस मिनिटं लागतात. स्लाइस आधीच भाजलेली असते, ती फक्त गरम करून देतात. कॅल्झोन मात्र तुमच्यासमोर लाटायला घेतात. पिझ्झाचाच गोळा, अर्ध्या भागावर रिकोटा (मऊ, ओलसर चीज) आणि मोझरेला, उरलेला अर्धा वरून दुमडायचा आणि कडेला करंजीसारखी मुरड घालायची. मग वर सुरीने दोन चिरा, वाफ बाहेर पडायला. चिरा विसरल्या तर तो ओव्हनमध्ये टम्म फुगतो आणि कडेला कुठेतरी फुटून चीज बाहेर येतं. इथले डेक ओव्हन ५०० ते ५५० फॅरनहाइटला चालतात. नेपल्समधल्या लाकडाच्या भट्टीइतकी आच त्यांत नसते आणि कॅल्झोन जाडही असतो, म्हणून घाई केली की वरून तांबूस आणि आत कच्चं पीठ.

ही घाई शुक्रवारी संध्याकाळी हमखास होते. डिलिव्हरीच्या ऑर्डरींचा ढीग लागलेला असतो आणि कॅल्झोन पाच मिनिटं आधीच बाहेर येतो. कापल्यावर दुमडीजवळचा भाग चिकट निघतो. एकदा परत केला, तर काहीही न बोलता पुन्हा आत टाकून आणून दिला, हे मान्य करायला हवं. मंगळवार-बुधवारी जा, फरक कळेल.

खरी गंमत रिकोटाची आहे. चीज काढून उरलेलं पाणी पुन्हा तापवून तो करतात. अमेरिकेत बरेचदा सरळ दुधात आंबट घालून. त्याला खारटपणा फारसा नसतो, म्हणून मोझरेला लागतोच. रिकोटा नीट निथळलेला असला तर आतलं सारण मऊ आणि घट्ट राहतं. नसला तर पहिल्या कापालाच ताटलीत पांढरं पाणी. पालकाचंही तेच. गोठवलेला पालक न पिळता घातला की खालचा थर ओला होतो. इथे पालक लसणीवर परतून घालतात, म्हणून पालक-रिकोटा हीच माझी नेहमीची ऑर्डर. मशरूम, ढोबळी मिरची, कांदा, ऑलिव्ह असं सगळं एकत्र मागवू नका. भाज्यांना आत पाणी सुटतं आणि ते जायला वाटच नसते. मरिनारा, म्हणजे टोमॅटोचा सॉस, आत न घालता वेगळ्या वाटीत देतात, त्याचं कारणही हेच. बुडवून खायचं.

शाकाहारी मंडळींसाठी: पार्मिजानो रेजानो आणि पेकोरिनो रोमानो ही अस्सल चीजं प्राण्यांच्या रेनेटशिवाय (दूध घट्ट करायला वापरतात तो त्यांच्या पोटातला पदार्थ) होतच नाहीत. आत किसलेलं चीज घालता का, कुठलं, हे काउंटरवर विचारा. पाळत असाल तर टेबलावरची किसलेल्या चीजची बाटलीही बाजूला ठेवा. पेपरोनीचा (मांसाच्या सलामीचा) पिझ्झा कापलेल्याच चाकाने तुमचाही कापतात. सांगितलं तर दुसरी सुरी घेतात, तोंड वाकडं करत नाहीत.

घरी मागवण्याच्या भानगडीत पडू नका. पुठ्ठ्याच्या खोक्यात वाफ कोंडते आणि कुरकुरीत तळ पंधरा मिनिटांत वातड होतो. उरलेला अर्धा मात्र दुसऱ्या दिवशी चांगला लागतो, पण मायक्रोवेव्हमध्ये नको. ओव्हन ३५० ला, उघड्या ट्रेवर, मधलं चीज पुन्हा वाहेपर्यंत.

किंमत एका मोठ्या स्लाइसच्या तिपटीहून जास्त, वर ६.६२५ टक्के सेल्स टॅक्स. नेपल्समध्ये कॅल्झोन एकट्याचा असतो, सुरी-काट्याने खातात. इथला आकार बघता दोघांना पुरतो, आणि लहान मूल असेल तर तिघांनाही. तसा हिशेब केला तर महाग नाही.

मेनूवर त्याच्याच खाली स्ट्रॉम्बोली असते. दोन्ही एकच समजून बरेच जण काहीही मागवतात. स्ट्रॉम्बोली गुंडाळी करून भाजतात, तिच्यात सहसा रिकोटा नसतो, आणि ती इटलीची नसून इकडचीच. फिलाडेल्फियाजवळच्या एसिंग्टनमध्ये १९५० साली सुरू झाली असं मानतात. बहुतेक ठिकाणी ती हॅम-सलामीने भरलेली असते. इथे भाज्यांची करून देतात, पण थर पातळ असल्याने चीज कमी आणि पीठ जास्त वाटतं. आमच्या घरात मुलाला तीच आवडते, कारण रिकोटा त्याला चालत नाही. त्यामुळे हल्ली टेबलावर दोन्ही येतात आणि मरिनाराची जास्तीची वाटी आधीच मागून ठेवावी लागते. नंतर मागितली तर तिचे वेगळे पैसे लावतात.