डेबियनच्या इन्स्टॉलरमध्ये झेडएफएस घुसवलं : सात महिने, सहा मशीन आणि ते चार बाइट

मागच्या मंगळवारी दुकानातल्या चार नंबरच्या मशीनचा मदरबोर्ड गेला. त्यातली एसएसडी काढून दोन नंबरला जोडली, म्हटलं लग्नपत्रिकांच्या फायली तेवढ्या उतरवून घेऊ. तर दोन नंबरही उठेना. काळ्या पडद्यावर तक्रार : या नावाचे एकाहून जास्त पूल (झेडएफएस या फाइल सिस्टीमचे डिस्कवरचे साठे) सापडले, नंबर देऊन इंपोर्ट करा, म्हणजे वापरात घ्या. डेबियन लिनक्सच्या इन्स्टॉलरमध्ये झेडएफएस मीच घुसवलं, तेव्हा हे माझ्याच हातचं पाप आहे, म्हणून हा अनुभव आता लिहून टाकतो.

माझं डीटीपीचं दुकान, सहा जुनी रिकंडिशन केलेली मशीन, प्रत्येकात ८ जीबी रॅम. दोन वर्षांपूर्वी एका पत्रिकेची फाइल आतल्या आत सडली आणि बॅकअपमध्येही सडकीच कॉपी गेली. तेव्हापासून चेकसम (फाइल सडली का ते ओळखणारा पडताळा) आणि स्नॅपशॉट (फायलींची त्या क्षणाची जपलेली अवस्था) यांसाठी झेडएफएसच हवं, हा हट्ट. डेबियन १३ मध्ये झेडएफएस मिळतं, पण इन्स्टॉलरच्या यादीत नाही. कारण लायसन्सचं : झेडएफएस सीडीडीएल या लायसन्सखाली, कर्नल (लिनक्सचा गाभा) जीपीएलखाली, आणि दोघांचं जमत नाही असं मानतात. म्हणून डेबियन मॉड्यूलचा (कर्नलला जोडायच्या तुकड्याचा) नुसता सोर्स ‘कॉन्ट्रिब’ या विभागात ठेवतं आणि डीकेएमएस नावाचं साधन तो आपल्या मशीनवर कंपाइल करतं. इन्स्टॉलरला मात्र तयार मॉड्यूल लागतं. लाइव्ह पेनड्राइव्हवरून डीबूटस्ट्रॅप करायची (हाताने कमांडा देऊन सिस्टीम बसवायची) लांबलचक पद्धत आहे, पण ती सहा वेळा करायची? आणि मी गावाला गेल्यावर कोण करणार?

मग शोध लागला की कर्नल इनिटआरडीच्या (सुरुवातीला रॅममध्ये उघडणाऱ्या छोट्या सिस्टीमच्या) शेपटीला जोडलेलं दुसरं सीपीआयओ आर्काइव्हही (फायलींचं गाठोडं) निमूट उघडतो. एसपीएल (झेडएफएसला लागणारा आधार) आणि झेडएफएस ही दोन मॉड्यूलं, झेडपूल, झेडएफएस या कमांडा आणि त्यांच्या लायब्ररी असं गाठोडं बांधलं आणि मूळ इनिटआरडीला चिकटवलं. पार्टिशनचं काम इन्स्टॉलरमधला पार्टमॅन करतो. फॉरमॅट, माउंट, एफएसटॅब (काय कुठे माउंट करायचं ती यादी) अशा प्रत्येक पायरीसाठी त्याच्या वेगवेगळ्या फोल्डरांत छोट्या शेल स्क्रिप्टा असतात. डेबियनच्या जुन्या केफ्रीबीएसडी अवतारासाठी (लिनक्सऐवजी फ्रीबीएसडीच्या कर्नलवर चालणाऱ्या) पार्टमॅन-झेडएफएस नावाचं पॅकेज होतं, त्याची मांडणी बघून माझ्या स्क्रिप्टा लिहिल्या. /बूट (मशीन सुरू होताना लागणाऱ्या फायली) मात्र एक जीबीच्या साध्या एक्स्ट४ फाइल सिस्टीमवर ठेवलं. झेडएफएसची सगळी नवी फीचर्स ग्रबला (कर्नल सुरू करून देणाऱ्या बूटलोडरला) वाचता येत नाहीत, आणि त्या भानगडीत पडायची मला हौस नाही.

पहिल्या मशीनवर चाळीस मिनिटांत सगळं हिरवं. त्या दिवशी हे लिहिलं असतं तर पाचपैकी पाच दिले असते.

रीस्टार्ट केलं आणि पूल इंपोर्टच होईना : हा पूल दुसऱ्या सिस्टीमवर वापरात होता म्हणे. दुसरी कोणती? तीच डिस्क, तेच मशीन, दोन मिनिटांपूर्वीच! झालं असं की पूल बनवणाऱ्याचा होस्टआयडी (सिस्टीमचा ओळख क्रमांक) पुलावर नोंदला जातो. इन्स्टॉलरचा एक, नव्या सिस्टीमचा दुसरा. जाताना पूल एक्सपोर्ट (रीतसर मोकळा) झाला असता तर प्रश्नच नव्हता, पण शेवटच्या क्षणी टार्गेट (नवी सिस्टीम बसवलेली जागा) बिझी असल्यामुळे एक्सपोर्ट फसायचा. आणि हा होस्टआयडी किती मोठा? चार बाइट! जबरदस्तीने इंपोर्ट केलं की चालतं, पण दुकानातल्या पोराने ‘दादा, काहीतरी इंग्रजीत आलंय’ म्हणून फोन केल्यावर हे कसं सांगायचं? या चार बाइटांपायी माझे तीन रविवार गेले. झेडएफएसच्या बाकी सगळ्या गुणांवर पाणी फिरेल इतका राग माझ्या मनात अजून आहे.

शेवटी पूल बनवायच्या आधीच आयडी तयार करायचा आणि नंतर त्याची तीच फाइल नव्या सिस्टीमच्या /ईटीसी या सेटिंगांच्या फोल्डरमध्ये टाकायची, असा तोडगा निघाला. मी आळशीपणा केला. फाइल एकदाच बनवून गाठोड्यातच ठेवली. सहाही मशीनचा आयडी एकच.

मग ६ सप्टेंबर २०२५ ला डेबियन १३.१ आलं. कर्नल ६.१२.४१ वरून ६.१२.४३ वर गेला आणि माझा नेटबूटवाला (बाकी सगळं नेटवरून उतरवणारा) पेनड्राइव्ह अडला : कर्नल मॉड्यूल सापडले नाहीत. मिररवर (डेबियनच्या डाउनलोड सर्व्हरवर) नव्या कर्नलची मॉड्यूलं, माझा इनिटआरडी जुना. माझं दोन मॉड्यूलांचं गाठोडंही त्याच जुन्या कर्नलला बांधलेलं. तेव्हा पाचाचे दोन झाले. आता नेटइन्स्ट या इन्स्टॉलरच्या आयएसओत (तयार डिस्क इमेजमध्ये) गाठोडं बसवतो. तिथे इन्स्टॉलरची मॉड्यूलं सोबतच असतात, त्यामुळे जुनी आयएसओ जुन्या जोडीने निदान चालते तरी. खरं सांगायचं तर प्रॉक्समॉक्स या डेबियनवर बेतलेल्या व्हर्च्युअलायझेशन सिस्टीमच्या इन्स्टॉलरमध्ये २०१५ पासून झेडएफएस आयतं आहे. पण पत्रिका छापायच्या मशीनवर व्हर्च्युअलायझेशनची गाडी कशाला ओढायची?

एका मित्राने माझी आयएसओ मागितली. दिली नाही. स्वतःच्या दुकानात वापरणं वेगळं, तयार मॉड्यूल वाटत सुटणं वेगळं. त्याला स्क्रिप्टा दिल्या, तर म्हणाला, कंजूष आहेस.

रोजच्या वापराबद्दल फारसं सांगण्यासारखं नाही. रॅम खातं, म्हणून एआरसीला (झेडएफएसच्या रॅममधल्या कॅशला) दोन जीबीची मर्यादा घातली. पोराने चुकून पुसलेलं फोल्डर स्नॅपशॉटमधून अर्ध्या मिनिटात परत आलं, तेव्हा पुन्हा चार केले.

आणि आता मंगळवार. इन्स्टॉलरच्या स्क्रिप्टीत पुलाचं नाव मी ‘आरपूल’ असं ठोकून ठेवलेलं, म्हणजे दोन्ही डिस्कांवर तेच. वर आयडीही एकच, त्यामुळे परकी डिस्क आल्यावर झेडएफएस जी हरकत घेतं, तीही मीच बंद करून ठेवलेली. चार नंबरची एसएसडी काढून दोन नंबर सुरू केलं, मग ती यूएसबी केबलने लावली, नंबर देऊन आणि नाव बदलून इंपोर्ट केली. पत्रिका सगळ्या मिळाल्या. रात्री स्क्रिप्टीत दोन ओळी घातल्या. आता इन्स्टॉलर आधी मशीनचा नंबर विचारतो, त्यावरून पुलाला नाव देतो आणि होस्टआयडी प्रत्येक वेळी नवा बनवतो. जुन्या पाच मशीनचे पूल अजून ‘आरपूल’च आहेत. ते बदलायला सवड होईल तेव्हा होईल.