लक्ष्मीपूजन आणि मरिनर्स: टीव्ही, फोन, रेकॉर्डिंग की रेडिओ?

२० ऑक्टोबर २०२५ रोजी महाराष्ट्रात नरकचतुर्दशी होती आणि लक्ष्मीपूजन दुसऱ्या दिवशी होते. परंतु सिॲटलच्या घड्याळाप्रमाणे अमावास्येचा प्रदोषकाळ त्याच सोमवारी येत असल्याने आमच्या घरी पूजा त्या संध्याकाळी मांडली होती. आमच्याकडे पाच वाजून काही मिनिटे झाली असताना तिकडे कॅनडातल्या टोरांटोत आमचा बेसबॉल संघ सिॲटल मरिनर्स आणि टोरांटोचा ब्लू जेज यांच्यातला अमेरिकन लीगच्या अंतिम मालिकेचा सातवा, निर्णायक सामना सुरू झाला. २००१ साली ११६ सामने जिंकूनही जो मरिनर्स संघ वर्ल्ड सिरीजपर्यंत, म्हणजे दोन्ही लीगच्या विजेत्यांमधल्या अंतिम मालिकेपर्यंत, पोहोचला नाही आणि आजवर एकदाही तिथे खेळलेला नाही, तो त्या दिवशी एका विजयाच्या अंतरावर उभा होता. अशा संध्याकाळी सामना विसरा असे कोणत्याही चाहत्याला सांगता येणार नाही, आणि वर्षातून एकदा जमणाऱ्या माणसांकडे पाठ फिरवा असेही सांगता येणार नाही. म्हणून प्रश्न उरतो तो सामन्याकडे लक्ष कोणत्या मार्गाने ठेवायचे, एवढाच.

दिवाणखान्यात टीव्ही उघडपणे लावणे हा सर्वांत प्रामाणिक मार्ग आहे. त्यात लपवाछपवी नसते, मुले आणि मोठी माणसे एकत्र बसतात आणि खेळ न कळणाऱ्या आत्याबाईंनाही मरिनर्सच्या कॅल रॅलीने हंगामात साठ होमरन (चेंडू थेट मैदानाबाहेर टोलवणारे फटके) मारले हे सांगताना विषय रंगतो. पिच क्लॉक, म्हणजे पिचरने (चेंडू टाकणाऱ्याने) ठराविक सेकंदांत चेंडू टाकावा यासाठीचे घड्याळ, २०२३ मध्ये आल्यापासून नऊ इनिंगचा (डावांचा) साधारण सामना सुमारे २ तास ४० मिनिटांत आटोपतो. त्यामुळे फराळ, पूजा आणि जेवण यांचे वेळापत्रक आखणे पूर्वीपेक्षा सोपे झाले आहे. मात्र बाद फेरीच्या सामन्याला हा हिशेब लावू नये. त्याच महिन्यात १० तारखेला मरिनर्सचा डेट्रॉइटविरुद्धचा सामना पंधरा इनिंग चालला होता आणि त्याला जवळजवळ पाच तास लागले होते. शिवाय टीव्ही चालू झाला की घर दोन भागांत वाटले जाते: सोफ्यावरचे आणि स्वयंपाकघरातले. करंज्या तळणाऱ्या वहिनींनी पाचव्या इनिंगला हाक मारली आणि कोणी उठले नाही, तर त्याची बोच सामन्यानंतरही राहते. ज्या घरात निम्म्याहून अधिक माणसे संघाची चाहती आहेत, तिथेच हा मार्ग निवडावा आणि पूजेच्या वेळी टीव्ही पूर्ण बंद राहील हे आधीच ठरवून टाकावे. केवळ आवाज बंद केल्याने डोळे तिकडे जायचे थांबत नाहीत.

फोनवर धावफलक पाहणे सर्वांत सोयीचे वाटते आणि माझ्या मते तेच सर्वांत वाईट आहे. त्यात प्रत्येक पिच, म्हणजे पिचरने टाकलेला चेंडू, कुठे पडली हे ठिपक्यांनी दिसते, पण खेळ दिसत नाही, आणि समोर बोलणाऱ्या माणसाला मात्र आपण त्याच्याकडे पाहत नाही हे स्पष्ट दिसते. त्या रात्री मरिनर्स ३-१ ने पुढे होते आणि टोरांटोची सातवी इनिंग चालू होती. आमचा टीव्ही इंटरनेटवरून चालत असल्याने चित्र मागे होते. पडद्यावर पिचर अजून चेंडू हातात धरून उभा असतानाच भाच्याच्या खिशातला फोन थरथरला, त्याने तो पाहिला आणि काही न बोलता पुन्हा खिशात ठेवला. त्याच्या चेहऱ्यावरूनच आम्हाला कळले. थोड्या वेळाने टोरांटोच्या जॉर्ज स्प्रिंगरचा तीन धावांचा होमरन दिसला, पण तोवर तो आमच्यासाठी घडून गेलेला होता. टीव्ही पाहायचा असेल तर घरातल्या सर्वांच्या फोनवरील सूचना आधी बंद करून घ्याव्यात, ही विनंती मी आता कळकळीने करतो.

रेकॉर्ड करून रात्री पाहण्याबद्दल फार लिहिण्यासारखे नाही. साध्या साखळी सामन्याला ते उत्तम आहे. निर्णायक सामन्याचा निकाल वीस माणसांच्या घरात लपून राहत नाही.

उरतो रेडिओ, आणि माझे मत त्याच्याच बाजूने आहे. बेसबॉल हा कानांनी ऐकण्याजोगा खेळ आहे: प्रत्येक पिचनंतर क्षणभर थांबा, दर अर्ध्या इनिंगनंतर दोन-तीन मिनिटांची विश्रांती, आणि त्या मोकळ्या जागेत समालोचक मैदानाचे चित्र उभे करतो. मरिनर्सचे रेडिओ समालोचक रिक रिझ यांचा आवाज अनेक दशके ऐकलेल्या माणसाला चेंडू उंच गेला की नाही, हे त्यांच्या स्वरावरून वाक्य पूर्ण होण्याआधी समजते. ओट्यावर ठेवलेल्या छोट्या रेडिओसमोर हात रांगोळीत किंवा शंकरपाळ्यांच्या डब्यात असू शकतात, डोळे माणसांकडे असू शकतात आणि विश्रांतीत नैवेद्याचे ताट वाढता येते. खेळात रस नसलेल्यांना तो मागच्या आवाजासारखा वाटतो, अडथळ्यासारखा नाही. ॲपवरून न ऐकता खऱ्या एएम रेडिओवर ऐकावे, कारण तिथे आवाज जवळजवळ त्याच क्षणी पोहोचतो. उणीव एकच: लहान मुलांना नुसत्या आवाजावर खेळ कळत नाही, त्यांना शेजारी बसवून समजावून सांगावे लागते.

त्या रात्री मरिनर्स ४-३ असे हरले. पुढचा विचार करणाऱ्यांसाठी एवढे सांगतो: २०२६ चे लक्ष्मीपूजन ८ नोव्हेंबरला आहे, तोवर हंगाम संपलेला असेल, परंतु २०२७ मध्ये ते ऑक्टोबरच्या अखेरीस येते, आणि ते दिवस वर्ल्ड सिरीजचे असतात. आमच्या घरी त्या संध्याकाळी देवघरात दिवे असतील आणि ओट्यावर रेडिओ असेल.