अँकी अ‍ॅपचा रिव्ह्यू: दोन-तीन भाषा एकदम शिकणाऱ्यांसाठी

मी जर्मन, जपानी आणि स्पॅनिश अशा तीन भाषा एकत्र शिकतेय आणि तिन्हींचा रोजचा हिशोब ज्या एका अ‍ॅपवर चालतो ते म्हणजे अँकी. फ्लॅशकार्डचं अ‍ॅप आहे, एका बाजूला शब्द न् दुसऱ्या बाजूला अर्थ, मेडिकलची मुलं तर सर्रास वापरतात त्यामुळे नाव कानावरून गेलं असेलच. पाठांतराला चांगलं आहे हे सगळेच सांगतात. मला ते आवडतं ते टार्गेट ठरवण्यासाठी. कुठल्या भाषेला किती द्यायचं आणि ते आपल्याला रोज झेपणार आहे का, हे इतकं उघड दाखवणारं दुसरं काही मला तरी सापडलेलं नाही. पाचपैकी साडेचार स्टार.

पुण्यात भाषा शिकणाऱ्या कुणालाही विचारा, रानडे इन्स्टिट्यूटचा असो, मॅक्समुल्लर भवनचा असो की आलियाँस फ्राँसेजचा, टार्गेट नेहमी लेव्हलचंच असतं, म्हणजे परीक्षेच्या पायऱ्यांचं, जर्मन-स्पॅनिशला ए१, ए२, बी१ अशा चढत जाणाऱ्या आणि जपानीला एन५ पासून सुरू होणाऱ्या. यावर्षी जर्मन बी१ करायचं, डिसेंबरला जपानी एन५ द्यायची आणि जमलं तर स्पॅनिश ए१. ऐकायला मस्त वाटतं, पण रात्री जेवणं आटोपल्यावर अर्धा तास हातात आलाय तर नेमकं काय उघडून बसायचं हे त्यातून कळत नाही आणि तिन्ही मिळून काम किती आहे हे तर अजिबातच कळत नाही. अमेरिकेची फॉरेन सर्व्हिस इन्स्टिट्यूट तिथल्या अधिकाऱ्यांना भाषा शिकवते, त्यांचा अंदाज असा की इंग्रजी बोलणाऱ्या माणसाला नोकरीत वापरण्याइतकी स्पॅनिश यायला ६०० ते ७५० तास क्लास लागतो, जर्मनला ९०० च्या आसपास आणि जपानीला २२००. आपल्या मराठी लोकांना जपानीची वाक्यरचना जरा लवकर अंगवळणी पडते, क्रियापद शेवटी आणि नामाला मागून प्रत्यय हे आपल्या बोलण्यात आहेच, पण कांजी, म्हणजे जपानीतली चिनी अक्षरं, कुणालाच सुटत नाहीत. तर अशा भाषांना "रोज प्रत्येकी अर्धा तास" असं सारखं वाटप करण्यात काहीच अर्थ नाही.

आता अँकी काय करतं. डेमियन एल्म्स यांनी ते स्वतः जपानी शिकताना बनवलं, २००६ मध्ये. जे कार्ड तुम्हाला येतंय ते लांबच्या तारखेला परत येतं, जे येत नाही ते लगेच. विसरण्याचा वेग आधी जास्त आणि मग मंदावत जातो हे एबिंगहाउस यांनी १८८५ मध्येच स्वतःवर प्रयोग करून मांडलं होतं, त्याच विचारावर हे सगळं उभं आहे. पण टार्गेटच्या दृष्टीने महत्त्वाचा आकडा एकच, रोजची नवीन कार्डं. सुरुवातीला तो २० वर सेट असतो. आणि ढोबळ नियम असा आहे की जितकी नवीन कार्डं रोज घ्याल त्याच्या दहापट जुनी कार्डं काही आठवड्यांनी रोज समोर यायला लागतात. म्हणजे तीन भाषांचे तीन डेक, म्हणजे कार्डांचे गठ्ठे, प्रत्येकी २० वर ठेवले तर ६० नवीन आणि ६०० जुनी! एका कार्डाला आठ सेकंद धरा, नुसत्या उजळणीलाच ऐंशी मिनिटं गेली, त्यात ना ऐकणं ना बोलणं ना क्लासचा होमवर्क. नोकरी करून हे कुणाला जमणार सांगा. तीन भाषा सुरू करून दोन सोडून देणारी जी मंडळी आपण आजूबाजूला बघतो ना, त्यांच्यात जिद्द कमी असते असं मला अजिबात वाटत नाही, त्यांना हा गुणाकार कुणी दाखवलेलाच नसतो.

म्हणून मी उलट्या बाजूने जाते. आधी मिनिटं ठरवायची, माझी अर्धा तास आहेत कारण त्याहून जास्त वेळ कार्डांना दिला तर बाकीच्या गोष्टी बसत नाहीत. अर्ध्या तासात साधारण २०० कार्डं होतात म्हणजे नवीन २०. ही २० कार्डं आता भाषांमध्ये वाटायची, आणि इथे खरा निर्णय घ्यावा लागतो. जपानीला १०, जर्मनला १० आणि स्पॅनिशला शून्य. शून्य म्हणजे स्पॅनिश बंद नाही हां. नवीन शब्द येत नाहीत पण जुने त्यांच्या तारखेला येत राहतात, कार्डांची तारीख लांब लांब जात असल्यामुळे थोड्या महिन्यांत तो डेक रोज दोन-चार मिनिटांवर येतो आणि शिकलेलं वाया जात नाही. "सध्या ही भाषा फक्त टिकवायची" हे पण एक टार्गेट असू शकतं, आणि दोनपेक्षा जास्त भाषा करणाऱ्याला ते ठरवता आलंच पाहिजे.

परीक्षेची तारीख असेल तर तिथून मागे मोजायचं. जपानीची जेएलपीटी ही परीक्षा (एन५ तिचीच पहिली पायरी) जुलै आणि डिसेंबरच्या पहिल्या रविवारी असते, पुण्यातही सेंटर आहे. २०१० पासून शब्दांची अधिकृत यादी ते देत नाहीत पण एन५ ला साधारण ८०० शब्द आणि शंभरेक कांजी धरतात. सप्टेंबरच्या सुरुवातीपासून मोजलं आणि शेवटचे दोन आठवडे जुने पेपर सोडवायला ठेवले तर हातात ८० च्या आसपास दिवस राहतात, म्हणजे रोज १० शब्द. बसलं गणित. जर्मनसाठी तर गोएथे इन्स्टिट्यूट (मॅक्समुल्लर भवन त्यांचंच) स्वतः शब्दांच्या याद्या फुकट देते, ए१ ला सुमारे ६५०, ए२ ला १३००, बी१ ला २४००. ए२ झालेल्या माणसाला बी१ पर्यंत अकराशे शब्द उरले.

पण इथे एक मेख आहे जी भल्याभल्यांच्या लक्षात येत नाही. अँकीत शब्द वेगळा आणि कार्ड वेगळं. दोन्ही बाजूंनी विचारायचा पर्याय निवडला तर एका शब्दाची दोन कार्डं होतात. जेएलपीटीत बोलणं नाही, स्वतः लिहिणंही नाही, सगळं वाचून-ऐकून पर्याय निवडायचे, मग एन५ साठी जपानीकडून मराठीकडे अशी एकच बाजू मला पुरते. जर्मनच्या परीक्षेत बोलायचं आणि लिहायचं असतं, तिथे दोन्ही बाजू लागतातच, त्यामुळे १० कार्डं म्हणजे पाचच शब्द. अकराशे भागिले पाच, २२० दिवस, सात महिन्यांच्या वर! म्हणून बी१ मी सरळ पुढच्या वर्षात टाकलीय आणि त्याचं मला जराही वाईट वाटत नाही, कारण ही तारीख हिशोबातून आलीय. २०२४ मध्ये महाराष्ट्र सरकारचा जर्मनीतल्या बाडेन-वुर्टेमबर्ग राज्याशी कुशल मनुष्यबळाचा करार झाला. जर्मनीत नोकरी बघणाऱ्या कितीतरी जणांना बी१ चं सर्टिफिकेट लागतं, त्यांना तर मी हात जोडून सांगेन की क्लासची फी भरायच्या आधी हा भागाकार एकदा करून बघा.

सेटिंगमध्ये प्रत्येक भाषेला वेगळा प्रीसेट, म्हणजे सेटिंगचा वेगळा संच, ठेवा, हे फार महत्त्वाचं आहे. २०२३ च्या शेवटी अँकीत एफएसआरएस नावाची नवी पद्धत आली, ती तुमचीच जुनी उत्तरं बघून तुमच्या विसरण्याचा अंदाज बांधते. आता मला जर्मन शब्द ज्या वेगाने लक्षात राहतात त्या वेगाने कांजी राहत नाहीत, मग दोन्हींना एकाच मापात कशाला बसवायचं. प्रत्येक प्रीसेटमध्ये "किती टक्के आठवायला हवं" तेही ठरवता येतं, मुळात ९० असतं, परीक्षेच्या भाषेला तेच ठेवायचं आणि नुसत्या टिकवायच्या भाषेला ८५ वगैरे केलं की तिथली रोजची कार्डं बऱ्यापैकी कमी होतात. ९५-९७ च्या मोहात पडू नका, वरचे ते थोडे टक्के मिळवायला काम भलतंच वाढतं. आणि कार्ड आठवलं नसेल तर प्रामाणिकपणे "अगेन" दाबायचं, "हार्ड" नाही, हार्ड म्हणजे आठवलं पण कष्टाने, असाच त्याचा अर्थ ते धरतं आणि मग सगळा अंदाज बिघडतो.

कंप्युटरवरच्या आवृत्तीत एक सिम्युलेटर पण आहे. नवीन कार्डं इतकी, टक्के इतके असं भरलं की पुढच्या काही महिन्यांत रोज किती कार्डं येतील त्याचा ग्राफच निघतो. दुसरी भाषा सुरू करू का असा प्रश्न पडलाय ना, मग कुणाला विचारण्यापेक्षा तो ग्राफ बघा. आठवड्यातले ठराविक दिवस हलके ठेवायची पण सोय आहे, ज्यांचे क्लास शनिवार-रविवारी असतात त्यांनी ते नक्की वापरावं.

कार्डं शक्यतो स्वतःची बनवा आणि मराठीत बनवा. तयार डेक ढिगाने मिळतात पण बहुतेक इंग्रजीत. तीन लिंगं, विभक्ती हे आपण शाळेत घोकलेलं असतं, इंग्रजीतून शिकताना ते सगळं बाजूला पडतं. जर्मन नाम नुसतं लिहायचं नाही, टेबलासाठी टिश नाही तर डेर टिश, लिंगासकट. जपानीला शक्य तिथे अख्खं छोटं वाक्य आणि आवाज. आणि स्पॅनिशबरोबर इटालियन किंवा पोर्तुगीज एकाच वेळी सुरवातीपासून करू नका, फार जवळच्या भाषा आहेत, एकीचे शब्द दुसरीत घुसतात. एक निदान बी१ पर्यंत जाऊ दे मग दुसरी.

आता कापलेला अर्धा स्टार. दिसायला अँकी रुक्ष आहे, सेटिंगची भाषा अवघड आहे आणि नवीन माणूस पहिल्याच संध्याकाळी कंटाळून ड्युओलिंगोकडे वळू शकतो, ते मी समजू शकते. बोलायला ते शिकवत नाही, व्याकरण समजावत नाही. त्यामुळे बोलण्याचं टार्गेट वेगळं लिहून ठेवावं लागतं, माझं असं आहे की आठवड्यातून एकदा सरावाच्या पार्टनरशी जर्मनमध्ये गप्पा आणि विषय आधी ठरलेला. दुसरं म्हणजे सुट्टी पडली की कार्डं साठतात. गणपतीचे दहा दिवस घरात पाहुणे असताना कोण कार्डं करणार, आणि परत उघडल्यावर हजाराचा आकडा बघून धडकी भरते. त्यावर उपाय आहे, सगळ्या भाषांची नवीन कार्डं शून्य करा, रोजचा अर्धा तास तेवढाच ठेवा, आणि क्रम असा लावा की जे अजून आठवण्याची शक्यता जास्त ते आधी. हळूहळू उतरतं. तोपर्यंत परीक्षेची भाषा आधी, बाकीच्या थांबतील.

पैशांचं म्हणाल तर कंप्युटरवर फुकट, अँड्रॉइडवर अँकीड्रॉइड फुकट, सिंक करायला अँकीवेब फुकट. आयफोनचं अ‍ॅप मात्र साधारण २५ डॉलरचं, एकदाच भरायचे, आणि नसेल भरायचं तर ब्राउझरमध्ये अँकीवेबवर काम भागतं. स्टोअरमध्ये मिळत्याजुळत्या नावाची दुसरी अ‍ॅप्स आहेत, सबस्क्रिप्शन मागणारी, त्यामुळे लिंक अँकीच्या स्वतःच्या साइटवरूनच घ्या.

एकच भाषा निवांत, हौस म्हणून शिकत असाल तर एवढा खटाटोप गरजेचा नाही, क्लास आणि एक वही पुरे. दोन किंवा जास्त असतील तर आज रात्रीच बसा, आधी मिनिटं ठरवा, मग डेक बनवा. माझी डिसेंबरची एन५ झाली की जपानीची नवीन कार्डं शून्यावर जाणार आणि ती दहा कार्डं स्पॅनिशला मिळणार, जर्मन आहे तिथेच.