नोकरी कागलात, घर कुठं? कागल की निपाणी, दोन सरकारांचा हिशोब

कागलच्या पंचतारांकित एमआयडीसीत नोकरी लागली, आता भाड्याचं घर कागलात बघायचं की हद्द ओलांडून कर्नाटकातल्या निपाणीत, हा प्रश्न आमच्या पट्ट्यातल्या कितीतरी जोडप्यांपुढं असतो. मोटारसायकलनं रोज ये-जा करणारे भरपूर आहेत आणि कोगनोळी नाक्यावर दुचाकीला टोल नाही. भाडं, पाणी, शेजार ज्याचं त्यानं बघावं. इथं फक्त महाराष्ट्र आणि कर्नाटक सरकार कामकरी घराकडून काय घेतं आणि त्याला काय देतं, एवढंच बघतो.

आधी एक गोष्ट पक्की करा. व्यवसाय कर नोकरीच्या जागेवर बसतो, सवलती मात्र घराच्या पत्त्यावर आणि रेशन कार्डावर मिळतात. महाराष्ट्रात पुरुषाचा पगार महिना 10,000 च्या वर गेला की दरमहा 200 आणि फेब्रुवारीत 300, म्हणजे वर्षाला 2,500 रुपये कापले जातात. बाईचा पगार 25,000 पर्यंत असेल तर काही नाही. कर्नाटकात बाई असो की पुरुष, 25,000 च्या आत कर नाही. म्हणजे 18,000 पगाराचा हेल्पर कागलात 2,500 भरतो, तोच निपाणीत कामाला असता तर शून्य. पण नोकरी कागलातच राहणार असेल तर निपाणीत राहून हे पैसे वाचत नाहीत. (हा कर 1975 साली रोजगार हमीच्या खर्चासाठी लावला होता. आज तो 18,000 वाल्याच्याही पगारातून जातो, हे मला पटत नाही.)

आता खात्यात येणारे पैसे. निपाणीत कर्नाटक सरकारच्या गृहलक्ष्मी योजनेचे महिना 2,000, वर्षाचे 24,000. ते रेशन कार्डावर जी बाई कुटुंबप्रमुख आहे तिलाच मिळतात. एकत्र घरात ती बहुधा सासू असते, त्यामुळं बिड्या वळून घर चालवणाऱ्या सुनेच्या हातात काही पडत नाही. कागलात लाडकी बहीणचे 1,500, वर्षाचे 18,000, आणि ते थेट त्या-त्या बाईच्या खात्यात. घरात 21 वर्षांवरची एक अविवाहित मुलगी असेल तर तिलाही. म्हणजे अशा घराला महाराष्ट्रात 3,000 आणि कर्नाटकात 2,000.

पण दोन मेख आहेत. पहिली, लाडकी बहीणला घराच्या वर्षाच्या उत्पन्नाची अट अडीच लाखांची. 18,000 पगारावर वर्षाचे 2 लाख 16 हजार होतात, चालतं. ओव्हरटाइम धरून महिना 21,000 पडायला लागले की 2 लाख 52 हजार, बाहेर. पगार वाढला आणि घरातले 18,000 गेले, असा उलटा खेळ. गृहलक्ष्मीला अशी रकमेची रेघ नाही. नवरा-बायकोपैकी कुणी आयकर किंवा जीएसटी भरत नसलं म्हणजे झालं. दुसरी मेख मोठी: लाडकी बहीणच्या अर्जाची मुदत 15 ऑक्टोबर 2024 ला संपली. आज लग्न करून कागलात संसार मांडणाऱ्यानं हे 1,500 हिशोबात धरूच नयेत.

विजेत निपाणी सरळ पुढं आहे. कर्नाटकच्या गृहज्योती योजनेत घराचा ठरलेला सरासरी वापर अधिक दहा टक्के, एवढ्यात आणि 200 युनिटांच्या आत राहिलात तर बिल शून्य. भाडेकरूलाही मिळतं. 200 ओलांडले तर मात्र पूर्ण बिल. कागलात महावितरणच्या बिलावर वर 16 टक्के वीज शुल्क. बसमध्येही तसंच: बायकांना तिकडं शक्ती योजनेत साध्या सरकारी गाड्या फुकट, इकडं एसटीत अर्धं तिकीट, दोन्ही आपापल्या हद्दीपुरतं.

एवढ्यावर निपाणी जिंकली म्हणाल, तर घरात शिकणारी मुलगी आहे का ते बघा. महाराष्ट्रानं 2024-25 पासून ओबीसी, एसईबीसी (मराठा आरक्षणाचा गट) आणि ईडब्ल्यूएस (आर्थिक दुर्बल) गटातल्या, आठ लाखांच्या आत उत्पन्न असलेल्या घरांतल्या मुलींचं व्यावसायिक अभ्यासक्रमांचं शिक्षण शुल्क आणि परीक्षा शुल्क पूर्ण माफ केलं आहे. इंजिनिअरिंग, फार्मसीच्या एका वर्षाच्या फीपुढं गृहलक्ष्मीचे वर्षाचे 24,000 कमीच पडतील. घराची पायरी बदलते ती अशा खर्चानं. महिन्याच्या दोन हजारांत किराणा भागतो. कर्नाटकात असलेल्या पण महाराष्ट्र ज्यांवर हक्क सांगतो अशा सीमाभागातल्या 865 गावांतून दहावी-बारावी झालेल्या, मराठी मातृभाषेच्या मुलांना महाराष्ट्रात इंजिनिअरिंग प्रवेशाची वेगळी वाट आहे. निपाणीकरांना ती उपयोगी आहे, पण फीमाफीचं त्या-त्या कॉलेजात स्वतंत्र विचारा.

हे पैसे टिकतील का? 2025-26 च्या अर्थसंकल्पात कर्नाटकानं गृहलक्ष्मी, गृहज्योती, शक्ती धरून पाच हमी योजनांना सुमारे 51 हजार कोटी ठेवले, महाराष्ट्रानं एकट्या लाडकी बहीणला 36 हजार कोटी. दोन्ही अर्थसंकल्प महसुली तुटीचे. हप्ते दोन्हीकडं रखडतात, म्हणून त्यावर भाडं किंवा गाडीचा हप्ता बेतू नका.

माझं मत: नवं जोडपं, मूल लहान, कागलातली कुठलीच योजना चालू नाही, तर निपाणी. मुलगी नववीच्या पुढं गेली असेल किंवा बायकोला लाडकी बहीण मिळत असेल, तर कागल सोडू नका. आणि निपाणीला जायचं ठरलंच तर कार्ड वेगळं काढून त्यावर कुटुंबप्रमुख म्हणून बायकोचं नाव घाला, मगच गृहलक्ष्मीचा अर्ज करा.