कॅरागीन मॉस: खोकल्यावरचा आयरिश काढा, पाकीट घेण्याआधी

घसा खवखवला, कोरडा खोकला लागला की आयर्लंडच्या किनारी भागात कॅरागीनचा काढा देण्याची जुनी रीत आहे. हे समुद्री शेवाळ मोठ्या ओहोटीला खडकांवरून हाताने खुडतात, धुऊन वाळवतात. वाळवलेलं पाकीट घ्यायला हरकत नाही, पण नाव वाचून घ्या. ऑनलाइन ‘सी मॉस’ म्हणून मिळतं ते बऱ्याचदा उष्ण समुद्रातलं वेगळंच शेवाळ असतं. पाकिटावर ‘काँड्रस क्रिस्पस’ (Chondrus crispus) हे कॅरागीनचं शास्त्रीय नाव लिहिलेलं हवं. मलईच्या रंगाचा, थोडी गुलाबी झाक असलेला माल उत्तम. गडद जांभळा माल उन्हात नीट उजळवलेला नसतो. त्याला समुद्राचा वास जास्त मारतो.

साधारण १० ग्रॅम शेवाळ कोमट पाण्यात १५ मिनिटं भिजवा. फांद्या फुगून मऊ होतात, आत अडकलेली वाळू आणि शिंपल्यांचे कण तळाशी बसतात. ते पाणी फेकून द्या. मग १ लिटर ताज्या पाण्यात मंद आचेवर २०-२५ मिनिटं उकळा, मधूनमधून ढवळा, गाळून घ्या. लिंबू गॅस बंद केल्यावरच पिळा. आंबट घालून उकळत ठेवलं तर शेवाळातला चिकट पदार्थ तुटतो आणि काढा पाणचट होतो. बहुतेकांचा काढा इथेच फसतो. मध कोमट झाल्यावर घाला. गार होऊन काढा थिजला तर तो बिघडलेला नसतो, गरम केला की पुन्हा पातळ होतो.

दुधात याचं पुडिंगही छान होतं: ९०० मिली दुधाला ८ ग्रॅम शेवाळ पुरे. दुधातल्या प्रथिनांशी ते धरतं, म्हणून पाण्यापेक्षा कमी लागतं. जास्त पडलं की रबरासारखं होतं. जिलेटिन टाळणाऱ्या शाकाहारी घरांना हे पुडिंग फार सोयीचं.

गुण म्हणाल तर घशावर बुळबुळीत थर बसतो, खवखव शमते, ढास थोडी कमी होऊ शकते. जंतुसंसर्ग मात्र याने बरा होत नाही. ताप, धाप किंवा लांबलेला खोकला असेल तर डॉक्टरच गाठा. यात आयोडीन असतं, तेव्हा थायरॉईडची गोळी चालू असलेल्यांनी आधी विचारून घ्यावं. वर्षाच्या आतल्या बाळाला मध घातलेला काढा अजिबात देऊ नका.

उरलेलं शेवाळ कोरड्या, घट्ट झाकणाच्या बरणीत ठेवा. दमट हवेत त्याला बुरशी धरते.