घरी बनवलेले हॉर्न स्पीकर, दहा बाय अकराची खोली आणि आठ महिने

तानपुऱ्याचा खर्ज, म्हणजे सगळ्यात खालच्या तारेचा सूर, नीट ऐकू यावा, एवढ्यासाठी हा सगळा उपद्व्याप. काळी एकला (पेटीच्या पहिल्या काळ्या पट्टीला) लावलेल्या पुरुषी तानपुऱ्यात खर्जाची तार साधारण ६९ हर्ट्‌झवर बोलते. टेबलावरच्या माझ्या जुन्या स्पीकरांत पंचम आणि जोड छान वाजायचे, खर्ज मात्र आपण समजून घ्यायचा. दिवाळीनंतर हॉर्न स्पीकरची जोडी करायला घेतली, नोव्हेंबरअखेर ती वाजायला लागली. आता जुलै संपत आलाय.

खोली डोंबिवलीच्या फ्लॅटमधली. १० बाय ११ फूट, छत साडेनऊ फुटांवर. पलंग, कपाट, टेबल, आणि उरलेल्या जागेत हे दोन खांब. एकेक खांब ११० सेंटिमीटर उंच, २० रुंद, मागे ३५. वजन सतरा-अठरा किलो. प्रत्येकात एकच ड्रायव्हर, म्हणजे आवाज काढणारा भाग: १२ सेंटिमीटरचा, जपानी, कागदी कोनचा (शंकूचा), उंच स्वरांसाठी मधोमध एक छोटा कोन चिकटवलेला. त्या छोट्याला विझर म्हणतात. उंच स्वरांचा वेगळा ट्वीटर नाही, खालच्यांचा वूफर नाही, त्यांच्यात स्वर वाटून देणारा क्रॉसओव्हर नाही.

प्रकार बॅक-लोडेड हॉर्नचा. कोनच्या पुढचा आवाज थेट आपल्याकडे येतो. मागचा आवाज बंद डब्यात नुसता कोंडला असता; इथे तो आतल्या घड्या घातलेल्या, हळूहळू रुंद होत जाणाऱ्या बोगद्यातून फिरवून तळाशी मागच्या बाजूने बाहेर सोडतात. मांडवावरच्या कर्ण्याचंच तत्त्व, फक्त गुंडाळून कपाटात घातलेलं. जपानमध्ये तेत्सुओ नागाओका नावाच्या ऑडिओ समीक्षकाने असे कितीतरी नकाशे घरी बनवणाऱ्यांसाठी छापले. ते बघत बघतच मी माझा आराखडा काढला. बोगद्याची लांबी १.९ मीटर ठेवली.

प्लाय १८ मिलिमीटरचा मरीन. दीड शीटमध्ये दोन्ही डबे बसले. पहिली शीट कापली तर आतल्या थरात बोट जाईल एवढी पोकळी निघाली. दुकानदाराने बदलून दिली, पण टेम्पोचं भाडं माझ्याच खिशातून. स्पीकरच्या प्लायला ही पोकळी चालत नाही, तेवढ्या जागी फळी थरथरते. शीट घेताना बोटाच्या पेराने ठोकत ठोकत जा, पोकळ जागी आवाज लगेच बदलतो. कापायला आणि जोडायला आमच्या इमारतीत काम चाललेल्या घरचे सुतार काका आले, दोन दिवसांच्या मजुरीवर. आतल्या तिरप्या फळ्या बघून त्यांनी विचारलं, "कप्पे तिरके कशाला? वस्तू घसरंल ना. ठेवणार काय ह्यात?" मी म्हटलं, "हवा." त्यांनी पेन्सिल कानावर खोचली आणि पुढे दोन दिवस काही विचारलं नाही. पण गुण्या लावून एकेक कोन असा मारला, की मला पॉलिशपेपर जेमतेम लागला.

पहिल्या संध्याकाळी डावा डबा भरून वाजला, उजव्यातून मात्र खालच्या पट्टीत फुसफुस. ड्रायव्हर अदलाबदल करून पाहिले, फुसफुस जागची हलली नाही. म्हणजे गळती डब्यातच. मग ४० हर्ट्‌झचा सलग सूर लावला, देवघरातली उदबत्ती घेतली आणि सांध्यांवरून हळूहळू फिरवली. धूर सरळ वर जात होता. पाठीमागच्या फळीच्या तळाशी आला आणि तिथे एकदम तुटक तुटक झाला, कुणी फुंकर मारल्यासारखा. केसाएवढी फट. बारीक भुशात फेव्हिकॉल कालवून ती बुजवली, रात्रभर वाळू दिली, काम झालं.

आता खर्जाचं. हॉर्नला एखादा स्वर नीट बाहेर टाकायचा तर तोंडाचा घेर साधारण त्या स्वराच्या लहरीच्या लांबीएवढा हवा. ६० हर्ट्‌झची लहर ५.७ मीटर. एवढ्या घेराचं तोंड म्हणजे २.६ चौरस मीटर, दारापेक्षा मोठं. जमीन आणि दोन भिंती मिळून कोपरा झाला की त्याच्या आठव्या हिश्श्यावर भागतं, कारण भिंतीच हॉर्नचं काम पुढे नेतात. पॉल क्लिप्श या अमेरिकी अभियंत्याने १९४० च्या दशकात नेमका कोपरा धरूनच आपला प्रसिद्ध हॉर्न बसवला. पण आठवा हिस्सासुद्धा ३,२०० चौरस सेंटिमीटरच्या वर जातो, आणि माझ्या डब्याचं तोंड आहे ४८०. म्हणजे पाहिजे त्याच्या सातव्या भागाइतकं. हा अर्धा हॉर्न आणि अर्धी नळी आहे. छोट्या खोलीसाठी बनवलेले बहुतेक हॉर्न असेच असतात, फोटोत ते कळत नाही. खालच्या सप्तकात त्यामुळे उंचवटे आणि खड्डे येतातच.

त्यातला एक खड्डा मला अपेक्षित होता. मागून फिरून येणारा आवाज १.९ मीटर जास्त चालतो आणि मुळातच उलट्या दाबाचा असतो. ९० हर्ट्‌झच्या आसपास तो पुढच्या आवाजाला मदत करतो, १८० च्या आसपास त्याला खातो. म्हणून ड्रायव्हरच्या मागे दीड लिटरची मोकळी पोकळी आणि त्यापुढे ४५ चौरस सेंटिमीटरचा अरुंद गळा ठेवलाय. या जोडीमुळे साधारण १६० च्या वरचं बोगद्यात कमी कमी शिरतं. तरीही मित्राचा मायक्रोफोन आणून मोजलं तेव्हा १८० ला दरी होतीच. गादीवाल्याकडून उशीत भरतात ती पॉलिएस्टरची रुई आणून मूठभर त्या पोकळीत आणि चिमूटभर पहिल्या वळणात ठेवली. दरी निम्मी भरली. जास्त कोंबली तर डग्ग्याचा घुमारा जातो, तेही करून पाहिलं.

जानेवारी-फेब्रुवारी डबे सरकवण्यात गेले. भिंतीपासून दोन फुटांवर आवाज कोरडा. कोपऱ्यात, मागे चार बोटं जागा सोडून ठेवले तेव्हा अंग धरलं. खुर्ची खोलीच्या बरोबर मधोमध ठेवली की तळ गायब, पाठीमागच्या भिंतीला लावली की नुसती घूं. शेवटी स्पीकरच्या भिंतीपासून सात फुटांवर बसायला लागलो. फरशीवर खडूची खूण केली होती, घरात रोज पुसली जायची, मग टाइलची रेघच खूण म्हणून लक्षात ठेवली.

या सगळ्यात आवाज मात्र पहिल्या दिवसापासून जिंकला. आकाशवाणीच्या जुन्या मैफलींची मोनो रेकॉर्डिंग्ज मी वर्षानुवर्षं ऐकतोय. त्यातला गायक घसा साफ करतो, तबलजी हातोडीने गट्टा ठोकतो, मागे कुणीतरी "क्या बात" म्हणतं, हे सगळं पूर्वीही होतं. आता ते एका जागेवरून येतं. तानेतला श्वास कुठे घेतला ते कळतं. मूळ सूर आणि त्याचे वरचे स्वर एकाच कागदातून निघतात, मध्ये कुठे सांधा नाही, त्यामुळे असं होत असावं. सारंगी तर इतकी जवळ येते की कधीकधी नको वाटतं.

नको वाटण्याचं दुसरं कारण विझर. २ ते ५ किलोहर्ट्‌झमध्ये हे कोन जरा ओरडतात, या जातीचा तो स्वभावच आहे. निवेदिकेचा "श" टोचायचा. कॉइल आणि रेझिस्टरची जोडी लावून पाहिली, टोचणं गेलं आणि जीवही गेला. काढून टाकली. मग डबे कानाकडे न रोखता थोडे बाहेर वळवले, आणि कॉम्प्युटरवरच ३.५ किलोहर्ट्‌झला २ डेसिबल उतरवले. एवढ्यावर भागलं. चार-पाच आठवडे वाजल्यावर कागदही थोडा निवळला, की माझे कान निवळले, सांगता यायचं नाही.

उंच स्वर या ड्रायव्हरमधून टॉर्चच्या झोतासारखे सरळ जातात. पलंगावर बसलेल्या माणसाला सगळं मफलर गुंडाळल्यासारखं ऐकू येतं, म्हणजे खुर्ची एकच. पण बाजूच्या भिंती एवढ्या जवळ असताना हाच दोष उपयोगी पडतो, भिंतीवर आपटून येणारा कचरा कमी होतो. मोठ्या दिवाणखान्यात, चार पाहुण्यांत ऐकायला हे करू नका.

ॲम्प्लिफायर बदलावा लागला. एका वॅटमध्ये ९३ डेसिबल आवाज देणाऱ्या ड्रायव्हरला तेवढा एक वॅट पुरून उरतो, माझ्या खोलीत मी त्याच्या पुढे कधी गेलो नाही. पण एवढ्या संवेदनशील कोनमधून ॲम्पची सूंऽऽ सुद्धा इमानदारीने ऐकू येते. पहिला ॲम्प रात्री गॅस गळतोय असा वाटायचा. आताचा स्वस्तच आहे, पण शांत.

पावसाळ्यात दोन गोष्टी. बोगद्याला आतून पॉलिश मारायचा कंटाळा केला होता, जुलैत तोंडाच्या आत पांढरी बुरशी धरली. आतून पॉलिश माराच, जोडण्याआधी. दुसरी, उजव्या हॉर्नमध्ये पालीने बिऱ्हाड केलं. एका रात्री आलाप मंद्रात उतरला आणि बरोबर समेच्या जागी ती आतून चुकचुकली. हॉर्नमुळे चांगली भरदार. आता दोन्ही तोंडांना मोठ्या भोकांची जाळी आहे.

खर्च: ड्रायव्हर कस्टमसकट १९,००० च्या आसपास, बाकी प्लाय, मजुरी, पॉलिश धरून आणखी १२,०००.

आणि खर्ज? तो हिशोब मी मे महिन्यात मांडला, खरं तर आधी मांडायला हवा होता. प्रत्येक खोली आपल्या मापांनुसार काही ठरावीक स्वरांना आपणहून घुमते; माझ्या खोलीच्या लांबी, रुंदी आणि उंचीचे असे पहिले घुमारे येतात ५१, ५६ आणि ५९ हर्ट्‌झला, तिन्ही एकमेकांच्या मांडीवर. त्यानंतरचा थेट ७६ ला. मधे काही नाही, आणि माझा ६९ चा खर्ज नेमका त्या मधल्या ओसाडीत. काळी दोनचा गायक लावला की त्याचा ७८ चा खर्ज खोली भरून टाकतो. काळी एकचा ऐकू येतो, पूर्वीपेक्षा कितीतरी स्वच्छ, पण वरच्या स्वरांच्या आधाराने. मी कोपरे बदलले, रुई बदलली, खुर्ची हलवली, आणि शेवटी नाद सोडला.

उजवा डबा दाराशेजारी आहे. परवा दार उघडं राहिलं होतं. आई हॉलमधून म्हणाली, "अरे, तुझा तो तंबोरा आज काय सुंदर घुमतोय." मी म्हटलं, "आई, खुर्ची इथे आहे, तिकडे कसा घुमेल?" "तूच येऊन बघ ना." गेलो. सोफ्यावर तिच्या शेजारी बसलो. शब्द फारसे कळत नव्हते, गायक भिंतीपलीकडे होता, पण खर्जाची तार, एकेक, नीट सुटी, सोफ्याच्या लाकडातून येत होती.